सी-व्ह्यूचे तीनशे जास्त

अरबी समुद्र मी गिरगाव चौपाटीवर भेळ खाता खाता पाहिला आहे, अलिबागच्या बोटीतून पोट धरून पाहिला आहे. पण बाथरूममध्ये उपड्या बादलीवर चढून, एका हाताने नळाचा पाइप धरून आणि दुसऱ्या हाताने व्हेंटिलेटरची काच तिरपी करून समुद्र पाहायचा योग तारकर्लीला आला. दोन माडांच्या फटीत, शेजारच्या घराच्या काळ्या टाकीच्या जरा वर, तळहाताएवढा निळा तुकडा चमकत होता.

"दिसला का?" बायकोने बाहेरून विचारलं.

"दिसला."

"किती?"

समुद्र किती दिसला हे कशात मोजायचं? मी ते रुपयांत मोजलं. "तीनशेचा काही नाही. चाळीसेक रुपयांचा असेल."

या तीनशे रुपयांच्या मुळाशी आमचे साडू आहेत. एका बारशात, पाळण्यातल्या मुलाचं नाव अजून कानात सांगायचं होतं तेवढ्यात, त्यांनी मे महिन्यात तारकर्लीला जात असल्याचं जाहीर केलं. रिसॉर्ट, रात्रीचे ७,५०० रुपये, शिवाय पोहायचा तलाव. समुद्र शंभर पावलांवर असताना तलावात पोहणाऱ्या माणसाबद्दल मला जे वाटलं ते मी पेढ्याबरोबर गिळलं आणि म्हणालो, "आम्हीही तिकडेच चाललोय. पण आम्ही गावातच कुठेतरी राहणार. आम्हाला खरं कोकण बघायचंय." मध्यमवर्गीय माणूस खरं कोकण म्हणतो तेव्हा त्याला स्वस्त कोकण म्हणायचं असतं. साडूंना हे माहीत होतं. ते नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी मी अठ्ठावीस ठिकाणी फोन केले आणि एकोणतिसावं ठिकाण सापडलं.

"रूम आहे का?"

"आहे ना. किती माणसं?"

"तीन. म्हणजे अडीच. मुलगा लहान आहे."

"किती लहान?"

"अकरा वर्षांचा."

"मग तो अर्धा कसा? त्या वयाची पोरं बापापेक्षा दोन बांगडे जास्त खातात."

खोलीचे १,८००, जेवणाचे माणशी ४०० वेगळे, एसी हवा तर ५०० वर. आणि सी-व्ह्यूचे तीनशे जास्त.

"पण दिसतो ना समुद्र?"

"दिसतो म्हणजे? सगळा दिसतो."

"आणि किनारा किती लांब?"

"दोन मिनिटं."

ही दोन मिनिटं मालकांनी स्कूटरवर मोजली होती हे पुढे कळलं.

प्रवासाचं फार सांगत नाही. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट. चिरंजीवांनी घाटात दोनदा गाडी थांबवायला लावली आणि तिसऱ्यांदा तेवढीही सवड दिली नाही. कणकवली, कसाल करत आम्ही दुपारी दीडच्या सुमाराला मालवण ओलांडून तारकर्लीत पोचलो. आवाराच्या तोंडाशी बोर्ड होता : 'येवा, कोकण आपलोच आसा.' त्याखाली तितक्याच मोठ्या अक्षरांत : 'अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही.'

रजिस्टरमध्ये 'येण्याचे कारण' असा रकाना होता. आधीच्या लोकांनी 'पर्यटन' लिहिलं होतं, एकाने 'मासे', एकाने नुसतंच 'बायको'. मी 'विश्रांती' असं लिहिलं. त्या दोन दिवसांत मी लेखी स्वरूपात केलेली खोटी विधानं एवढीच.

खोली वरच्या मजल्यावर. आत शिरताच समोरच्या भिंतीवर एसी दिसला आणि मी मनातल्या मनात उडी मारली. बिनएसीच्या पैशांत एसी! वसूल!

"तो आहे," मागून मालक म्हणाले, "पण तुमचा नाही. रिमोट खाली काउंटरवर असतो. पाचशे दिलेत की तो तुमचा."

मी म्हटलं, "छे छे, आम्हाला एसी सोसतच नाही." बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता. पंख्याच्या रेग्युलेटरवर पाच आकडे होते, पण पंखा निरक्षर होता. तो आपल्या मनाने फिरायचा आणि आपल्या मनाने थांबायचा. त्याच्याखाली पडून तो बंद एसी बघत राहणं म्हणजे खिशात पैसे असून मिठाईच्या दुकानाबाहेर उभं राहण्यासारखं होतं. वर मी ते दुकान पथ्याचं आहे असं सांगून बसलो होतो.

बाथरूममध्ये लाल टिकलीचा एक नळ, निळ्या टिकलीचा एक. दोन्हींना एकाच तापमानाचं, एकाच चवीचं पाणी यायचं. चव खारट. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही हे सातवीत पाठ केलं होतं, प्रात्यक्षिक पंचेचाळिसाव्या वर्षी झालं. मी वडीएवढा साबण अंगाला घासघास घासला. साबण संपला, फेस आला नाही. बायकोने उरलेल्या दोन वड्या न फोडता बॅगेत टाकल्या. "राहू देत. पाहुण्यांना होतील." आमच्या घरातल्या पाहुण्यांना आजवर कुठल्या ना कुठल्या लॉजच्या साबणानेच हात धुवावे लागले आहेत.

घरापासून चार दिवस लांब जायचं म्हणून माझी बायको महिनाभर आसुसलेली असते, आणि निघताना घरच बरोबर घेते. नायलॉनची दोरी, चिमटे, टॉर्च, एक्स्टेन्शन बोर्ड, आपलं कुलूप, डासांची उदबत्ती, चिवड्याचा डबा, चिवडा संपला तर म्हणून चकल्यांचा डबा. शिवाय सोलापुरी चादर. लॉजच्या चादरीवर तिचा जन्मात विश्वास बसलेला नाही. तिने लॉजची पांढरी चादर दोन बोटांनी उचलून खुर्चीवर ठेवली, सोलापुरी अंथरली आणि तासाभरात कोथरूडची आमची बेडरूम जशीच्या तशी तारकर्लीत उभी केली. दोरी खिडकीच्या गजापासून थेट एसीला बांधली. "एसीचा एवढा तरी उपयोग," ती म्हणाली. दाराबाहेर वर जाणारा एक लोखंडी जिना होता, त्याच्या पायऱ्यांवर चपला आणि गाडीतलं धुतलेलं पायपुसणं पसरलं. समुद्राकाठच्या त्या हवेत कपडे काही वाळत नाहीत. ते फक्त टांगून राहतात.

संध्याकाळपर्यंत थांबवेना म्हणून आम्ही लगेच किनाऱ्यावर गेलो. स्कूटरची दोन मिनिटं म्हणजे पायी अकरा. मे महिन्यातली दुपारची वाळू म्हणजे भडभुंज्याची कढई असते. तिच्यावर आम्ही तिघं लाह्यांसारखे उडत गेलो, तर समुद्र घरी नव्हता. म्हणजे होता, पण आत, आपल्या कामात. ओली वाळू, काही खेकडे आणि लांबवर एक रेघ. मी फोनवर भरतीची वेळ बघायला गेलो, तर रेंज नाही.

परत आलो तेव्हा खाली खळ्यात मालकांचे वडील कोकमाची सालं उन्हात पालथी घालत बसले होते. मे म्हणजे आमसुलांचा महिना. अर्धं खळं लालभडक झालं होतं.

"खंयचे?" आजोबांनी विचारलं.

"पुण्याचे."

"मगे गरम होतला."

मी भरतीची चौकशी केली. त्यांनी ना फोन काढला ना घड्याळ पाहिलं. "आज दशम. धाची पावणपट साडेसात. साडेसाताक भरती. आता थयसर काय बघतलास, वाळू?"

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, थोडीफार इकडेतिकडे. कोकणातल्या मच्छीमारांचा हा हिशेब त्यांना बारा हजारांच्या फोनशिवाय येत होता, कारण त्यांच्या शाळेत पाऊणकी पाठ करून घेत. आम्हाला शाळेत संगणक शिकवला. मी प्रभावित होऊन तोंडातल्या तोंडात गुणाकार करू लागलो. आज दशमी, साडेसात. म्हणजे उद्या अकराची पाऊणपट, सव्वाआठ…

"उद्या एकादशी?" बायको मागून दचकून म्हणाली.

"होय तर."

"अगं बाई! मग उद्या मासे नाहीत."

भरतीची वेळ विचारायला गेलो आणि उपास घेऊन आलो. माणशी ४०० रुपयांचं जेवण आधीच मोजलेलं होतं आणि त्यात दुसऱ्या दिवशी दुपारी सुरमई होती. त्या क्षणी माझ्या पोटात कालवलं ते उपासाच्या कल्पनेने नव्हे, माझा उपास नव्हताच. पूर्ण भाडं भरलेली एक सुरमई आमच्या हातून सुटत होती.

साडेसातला भरती आली असणार. आम्ही तेव्हा जेवत होतो. समुद्र दुपारी नव्हता आणि आला तेव्हा अंधार होता, म्हणजे ज्याच्यासाठी पावणेचारशे किलोमीटर गाडी हाकली त्याची आणि आमची गाठ पडली नाही ती नाहीच. त्यावरूनच जेवण झाल्यावर तीनशे रुपयांच्या व्ह्यूचा विषय निघाला. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी खोलीच्या तिन्ही खिडक्या तपासल्या. एकीतून माड, दुसरीतून शेजाऱ्यांचा फणस, तिसरीतून खळं आणि आजोबांची खाट. उरलं बाथरूम. तिथून पुढचं तुम्हाला माहीतच आहे. बादलीवर मी त्या सकाळी तीनदा चढलो. पहिल्यांदा समुद्र शोधायला, दुसऱ्यांदा फोटो काढायला आणि तिसऱ्यांदा साडूंनी 'रूममधून समुद्र दिसतो का?' असा मेसेज टाकला म्हणून. फोटोत टाकी येऊ नये म्हणून जरा वाकलो आणि बादलीतून कर्रर्र असा आवाज आला. माझं वजन ७८ किलो. बायकोने भेग पडलेली बाजू भिंतीकडे वळवून बादली पुन्हा सुलटी ठेवली. आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली की असे व्यवहार मुक्यानेच होतात.

साडूंना फोटो पाठवला. त्यांचा अंगठा आला.

मग सिंधुदुर्ग. मालवणच्या धक्क्यावरून होडी, डोक्यावर ऊन, अंगात नारिंगी जॅकेट आणि त्या जॅकेटात आपल्याआधीच्या दोनशे माणसांचा घाम. १६६४ च्या नोव्हेंबरात महाराजांनी या बेटावर काम सुरू करवलं. तीन वर्षांत चहूबाजूंनी खवळणाऱ्या दर्यात एवढा तट उभा राहिला. आत गाइडने तीन विहिरी दाखवल्या : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. भर समुद्रात, आणि पाणी गोडं. मी ओंजळभर पाणी तोंडाला लावलं आणि माझे डोळे भरून आले. बाकीच्या लोकांना ती शिवभक्ती वाटली. ती होतीच, पण त्यात दोन दिवसांची खारट आंघोळही होती. साडेतीनशे वर्षांपूर्वी समुद्राच्या मध्यावर ज्यांना गोडं पाणी साधलं, त्यांच्या मुलखात जमिनीवरच्या दोन नळांना ते साधत नव्हतं. मी रिकामी बाटली भरून घेतली. "प्यायला?" गाइडने कौतुकाने विचारलं. "डोकं धुवायला," असं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

परतलो तर वीज नाही. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे तेही खारं पाणी नाही. पुढे देवबागकडे जाल तर जमिनीची चिंचोळी पट्टी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. दोन्हीकडे पाणीच पाणी आणि मी कोरड्या नळाखाली डोक्याला शांपू लावून उभा.

"करंट गेलो हा," मालक खालून ओरडले. "येतलो."

"कधी?"

"गेलो तसो येतलो."

दुपारी जेवायच्या वेळी साडूंचा फोन. त्यांचा आवाज खोल गेला होता. "काय आहे रे तुमच्याकडे जेवायला?"

"सुरमई, तिसऱ्यांची आमटी, सोलकढी. तुमच्याकडे?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. "पनीर मंचुरियन. आणि पास्ता."

दहा मिनिटांत साडू हजर. बायकोच्या पुढ्यात उकडलेली रताळी आणि दही होतं, मालकीणबाईंनी तेवढ्यासाठी शेजारच्या घरून रताळी आणली होती. तिचं ताट, म्हणजे ते ४०० रुपयांचं, साडूंसमोर मांडण्यात आलं. रव्यात घोळवून तव्यावर खरपूस तळलेली ती तुकडी, कडेला जरा जळलेली, आणि आगळ घातलेली गुलाबी सोलकढी. साडू बोटं चाटत म्हणाले, "हे खरं कोकण! आम्ही उगाच तिकडे पैसे घातले." हे वाक्य ऐकण्यासाठी मी बारशापासून जगत होतो. पण ते मी उपाशी बायकोच्या समोर, तिच्याच हक्काची सुरमई दुसऱ्याच्या पोटात जाताना ऐकत होतो, त्यामुळे म्हणावी तशी मजा आली नाही. जाताना साडूंनी पैसे देऊ केले. मी "छे, काय लाजवताय" म्हणालो. मला वाटलं ते आग्रह करतील. त्यांनी पाकीट खिशात टाकलं.

रात्री मात्र हवा अगदीच बसली. माडाची झावळीसुद्धा हलत नव्हती. पंख्याने संध्याकाळीच राजीनामा दिला होता. अंगाला अंग लागलं की चटका बसे. साडेबाराच्या सुमाराला चिरंजीव अंधारात म्हणाले, "बाबा, तुमच्या फोनवर रिमोट आहे."

"कसला रिमोट?"

"फोनच्या वरच्या टोकाला तो काळा ठिपका आहे ना, त्यातून टीव्ही लागतो. एसीही लागतो. फक्त कंपनी निवडायची."

बाप म्हणून माझं जे कर्तव्य होतं ते मी केलं. "बाळा, हे योग्य नाही," मी म्हणालो. "आपण त्याचे पैसे दिलेले नाहीत. दुसऱ्याची वस्तू न विचारता वापरणं याला काय म्हणतात?… अठरावर जातो का बघ."

टुं असा आवाज झाला. आयुष्यात सतार ऐकून अंगावर काटा आला नाही, तो त्या टुंने आला. दोन दिवस दोरीवर लोंबणारे कपडे फडफडायला लागले. पाचशे रुपये, फुकट! बायको झोपेतच म्हणाली, "बरं वाटलं गं बाई," आणि कूस बदलली. तासाभरात तारकर्लीचं महाबळेश्वर झालं आणि आम्ही तिघं अंगाखालची सोलापुरी अंगावर ओढून गाढ झोपलो.

एसी म्हटला की त्याची नळी येते, आणि नळीतून पाणी ठिबकतं, हे शास्त्र मला ठाऊक होतं. नळीचं तोंड कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. ते खळ्यात, आजोबांच्या खाटेच्या बरोबर वर होतं.

दोनच्या सुमाराला खालून आरोळी आली. "पाऊस इलो! गो, उठा गो! पाऊस इलो! आमसुलां भिजली!"

मे महिन्यात कोकणात पावसाची आरोळी म्हणजे काय हे तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. वळवाची एक सर महिन्याभराचं वाळवण मातीत घालवते. क्षणात घरातले दिवे लागले. मालक, मालकीणबाई, त्यांची दोन मुलं, सगळी खळ्यात धावली. सुपं, रोवळ्या, ताडपत्री, सुक्या मिरच्या, सुकट, आमसुलं, जे हाताला लागेल ते ओसरीवर. आरोळी कुंपणापलीकडे गेली. तिथल्या घरात दिवे लागले, तिथून पलीकडे. पाच मिनिटांत आख्खी वाडी आपापल्या मिरच्या पोटाशी धरून पळत होती. अपराधाच्या भावनेने मीही खाली धावलो आणि एक सूप उचललं. धावता धावता चिरंजीवांना खुणावलं. वर खिडकीत टुं झालं.

"थांबलो," आजोबा म्हणाले.

मग सगळ्यांनी वर पाहिलं. एकादशीचा चंद्र पश्चिमेला उतरला होता आणि आभाळ धुतल्या ताटासारखं होतं. शेजारी कुंपणावरून म्हणाला, "खंय रे पाऊस?"

"माझ्या टकलेर पडलो!"

"मगे तुझ्याच खाटेर तेवढो पडलो काय?"

मालक काही बोलले नाहीत. त्यांनी चंद्राकडे पाहिलं. मग आमच्या खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मे महिन्याच्या त्या उकाड्यात सोलापुरी चादर अंगाभोवती गुंडाळून, हातात सूप घेऊन उभा होतो.

"साहेब, थंडी वाजते?"

"जरा कणकण वाटतेय," मी म्हणालो.

वर येऊन मी छातीवर हात ठेवून पडलो. आणि सांगायला आनंद वाटतो की पाचच्या सुमाराला नैर्ऋत्येकडून गडगडत येऊन खरोखरचा वळीव पडला. अर्धा तास, चांगला सणसणीत. वाडीतलं एक आमसूल भिजलं नाही. खाली आजोबा ओसरीवर उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होते, "माका रातीचाच कळला होता." शेजाऱ्याने येऊन त्यांच्या पायाला हात लावला. मला वाटलं, देव आहे.

सहा वाजता मालकीणबाईंनी दारावर टकटक केली. हातात पेला. "काल रात्री कणकण होती ना, भाऊ? काढा केलाय. गरम गरम घ्या." काढा काळा होता आणि त्यात तिखटाचा, कडूचा आणि माझ्या पापाचा अर्क उतरला होता. त्या दारात उभ्या राहिल्या आणि पेला रिकामा झाल्यावरच हलल्या.

चेकआउट दहाला. आदल्या दिवशी बाराला खोली मिळणार आणि दहाला सोडायची, म्हणजे चोवीस तासांचे पैसे देऊन बावीस तास, हा हिशेब मी दर ठिकाणी मांडतो आणि दर ठिकाणी हरतो. त्या दिवशी मात्र मांडलाच नाही. आम्हाला निघायची घाई होती. बायकोने हाताला येईल ते बॅगेत कोंबलं. काउंटरवर मालकांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब केला. मी तो उलटा वाचत होतो. एसी नाही. चहा आठ. आम्ही चौदा प्यायलो होतो.

"सहा चहा राहिलेत," बायको माझ्या कानाशी पुटपुटली.

"गप्प बस. चहाचा विषय निघाला की एसीचा निघेल."

"आणि बादली?"

"बादलीचा तर नकोच."

पैसे दिले, गाडी काढली. फोंडा घाट चढेपर्यंत मी आरशात बघत होतो. घाटमाथ्यावर चहा घेताना मात्र माझा जीव भांड्यात पडला आणि मी मोठ्याने हिशेब मांडला. एसीचे वाचले ५००. सहा चहा, पंधराप्रमाणे ९०. साबणाच्या दोन वड्या, धरा २०. झाले ६१०. त्यातून सी-व्ह्यूचा तोटा वजा, चाळीसचा दिसला म्हणून २६०. निव्वळ नफा ३५० रुपये. "साडूंना सांग," मी बायकोला म्हणालो, "तारकर्लीला जाऊन कमाई करून आलेलं आपलं पहिलं कुटुंब." तिने सुरमईचं काय ते विचारलं. मी गाडी सुरू केली.

पुण्याला येऊन बॅग उघडली, तर वर दोन साबण, खाली वाळू आणि मध्ये नीट घडी घातलेली, कोपऱ्यात लॉजचा निळा शिक्का मारलेली पांढरी चादर. सोलापुरी नव्हती. मी कपाळाला हात लावला तेवढ्यात फोन वाजला.

"साहेब, पोचलात? तुमची सोलापुरी इकडे राहिली."

"हो, आणि तुमची पांढरी…"

"असू दे, असू दे. बाबा पांघरतायत ती. तुमच्या खोलीत आता एसीवाले पाहुणे आलेत. नळी सारखी ठिबकते, गार लागतं त्यांना."

मी खुर्चीत बसलो. "ते एसीचे… म्हणजे पाचशे मी आत्ता लगेच…"

"नको हो. मी लावणार होतो. बाबा म्हणाले, एक पैसो लावू नको, त्यांच्यामुळे वाडीची आमसुलां वाचली."

"आणि सहा चहा…"

"चहा कोण मोजतं?"

मी मोजतो, असं मला सांगता आलं नाही. सगळंच बाहेर पडतंय तर हेही, म्हणून मी आवंढा गिळून म्हटलं, "बादलीला एक बारीकशी भेग…"

"ती आम्ही बघितली. व्हेंटिलेटरच्या काचेवर बोटं पण उठलीत. साहेब, रागवू नका, पण त्या बादलीवर चढून तुम्ही नक्की काय करत होतात?"

"समुद्र बघत होतो."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग मालकांनी फोन बाजूला धरून कोणाला तरी काही सांगितलं आणि मागे आजोबांच्या हसण्याचा, मग खोकल्याचा आवाज आला.

"अहो, तुमच्या दाराबाहेर तो लोखंडी जिना नव्हता का, चपला वाळत घातल्या होत्या तुम्ही? वर गच्ची आहे. खुर्च्या टाकल्यात. तिथून सगळा दिसतो समुद्र, पार निवतीपर्यंत. तीनशे त्याचेच तर घेतले."